घरचा पाव : खमीर, कणीक व विस्तव ह्यांचा धडा

ह्या पाठात घरच्या घरी साधा पाव कसा करावा हे सांगावयाचे आहे. संगमेश्वराच्या भागात, म्हणजे शास्त्री व सोनवी ह्या नद्यांच्या खोऱ्यात, सखल शेतांत भात पिकते आणि वरकस जमिनीवर नाचणी पिकते. गहू तर घाटावरून किंवा त्याहूनही दुरून येतो. मग अशा ठिकाणी पावाचा धडा कशाला, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, पाव आता आमच्या वाडीवाडीत येऊन पोहोचला आहे. सकाळी पाववाल्याची हाक ऐकू येते, मुंबईचा चाकरमानी सणाला येताना खारी व बटर घेऊन येतो, आणि घरात कोणी आजारी पडले की दूध-पावाची आठवण होते. जी वस्तू रोज घरात येते, ती कशी होते हे घरातील माणसांस ठाऊक असावे, हे बरे.

ह्याहूनही महत्त्वाचे एक कारण आहे. पुष्कळ घरांत कोणी आजी किंवा आत्या चांगला पाव करीत असे. परंतु तिची कृती ‘अंदाजाने पाणी, अंदाजाने मीठ’ एवढीच शिल्लक राहते, आणि तिच्यामागे सुना व नाती पीठ भिजवितात तो पाव दगडासारखा होतो. कृती पाठ असली तरी तिचे कारण ठाऊक नसले, तर ती एका पिढीत बुडते. म्हणून ह्या पाठात मापे दिली आहेत, पण मापांपेक्षा कारणे व खुणा ह्यांवर अधिक भर दिला आहे.

१. ‘पाव’ हा शब्द

पाव हे नाव कसे पडले ह्याविषयी आपल्याकडे दोन समजुती आहेत. पीठ पायाने मळतात म्हणून पाव, असे कित्येक म्हणतात. मोठ्या लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव, असे दुसरे म्हणतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हा शब्द पोर्तुगीज भाषेतील आहे. पोर्तुगीज लोकांनी १५१० साली गोवा घेतला व १५३४ साली वसई त्यांच्या हाती आली. त्यांच्या भाषेत भाजलेल्या भाकरीस ‘पाँव’ असे म्हणतात. तोच शब्द आमच्या किनाऱ्यावर ‘पाव’ झाला. पाव भाजणाऱ्यास त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, त्यावरून गोव्यात ‘पोदेर’ हा शब्द आला. आजही गोव्यातील गावांत पोदेर सायकलवर टोपली बांधून, भोंगा वाजवीत सकाळ-संध्याकाळ फिरतो. त्याच्या टोपलीत ‘उंडो’ असतो, कोंड्याची ‘पोळी’ असते आणि बांगडीच्या आकाराची ‘काकणे’ असतात.

ह्या पोदेरांपुढे आरंभी एक अडचण होती. युरोपातील खमीर येथे मिळत नव्हते. तेव्हा त्यांनी माडाच्या रसाचा, म्हणजे गोव्यात ज्यास ‘सूर’ व आमच्याकडे ‘माडी’ म्हणतात त्याचा, उपयोग केला. हा रस काही तासांतच फसफसू लागतो; तो पिठात घातला की पीठ फुगते. पुढे विकतचे यीस्ट आले व सुरेचा वापर बहुतेक ठिकाणी मागे पडला. परंतु ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते : पावाची विद्या येथे बाहेरून आली, पण तिला जीव दिला तो आमच्याच किनाऱ्यावरील माडाने.

२. जुना संकोच

पावास हात लावण्यास आमच्या लोकांस एके काळी फार संकोच वाटे. पाव परधर्मीयाने भाजलेला, त्यात कोणाचे पाणी पडले हे ठाऊक नाही, म्हणून पाव खाणारा बाटला अशी समजूत होती. विहिरीत पाव टाकून अख्खे गाव बाटविले, अशा कथा वसईकडे व गोव्याकडे पुष्कळ काळ सांगत असत.

ह्या समजुतीचे बळ किती होते हे दोन प्रसंगांवरून दिसते. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग व त्यांचे मित्र ह्यांनी जातिभेद मोडण्याकरिता परमहंस सभा स्थापन केली. ती गुप्त होती. तिच्यात येऊ इच्छिणाऱ्याची परीक्षा अशी की, त्याने ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पाव खावा. आपल्या वाचकांस परिचित असलेले बाबा पदमनजी हेही ख्रिस्ती होण्यापूर्वी ह्या सभेत जात असत. सन १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली; एका पावाच्या तुकड्याचे भय इतके मोठे होते. दुसरा प्रसंग १८९० सालचा. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा व बिस्किटे मांडली गेली, आणि तेथे गेलेल्या लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे प्रभृति गृहस्थांवर ग्रामण्याचा प्रसंग आला.

आज वडापाव व मिसळ-पाव ह्यांच्या गाडीपाशी सर्व जातींचे लोक शेजारी शेजारी उभे राहतात व कोणाच्या मनात शंका येत नाही. पाव तोच आहे. बदलले ते माणसांचे मन. पावाने कोणी बाटत नाही व कोणी पवित्रही होत नाही. पीठ, पाणी, मीठ व खमीर ह्या चार वस्तूंपलीकडे त्यात काही नाही. तथापि ‘ही परक्यांची विद्या, आपल्या चुलीवर ती जमावयाची नाही’ असा दुसऱ्या प्रकारचा संकोच अद्याप उरला आहे. तो काढणे हा ह्या पाठाचा मुख्य उद्देश आहे.

३. जी विद्या आमच्या घरात आधीच आहे

पाव करण्यात तीन कामे असतात : पीठ आंबविणे, पीठ मळणे व चोहोबाजूंनी उष्णता देऊन भाजणे. ह्यांपैकी पहिले व तिसरे काम कोकणातील गृहिणीस लहानपणापासून ठाऊक आहे.

आंबोळीकरिता तांदूळ व उडीद भिजत घालतात, चार मेथ्या टाकतात, वाटून रात्रभर झाकून ठेवतात. सकाळी पीठ फुगून वर आलेले असते, त्यावर बुडबुडे दिसतात व त्यास आंबूस वास येतो. थंडीत ते उशिरा फुगते, म्हणून भांडे चुलीजवळ ठेवतात. उन्हाळ्यात लवकर फुगते, म्हणून वेळेवर उठतात. जिला हे कळते तिला खमिराचा अर्धा धडा आलाच आहे.

तसेच तवसाचे धोंडस पाहा. तवस किसून, त्यात तांदळाचा रवा व गूळ घालून, जाड बुडाच्या टोपात ते ओतावयाचे, खाली मंद विस्तव ठेवावयाचा व वर झाकणावर निखारे ठेवावयाचे. ह्या ‘खाली-वर विस्तवा’चेच दुसरे नाव भट्टी. शहरातील बेकरीत विटांची मोठी भट्टी असते व आता विजेच्याही भट्ट्या आहेत. परंतु तत्त्व एकच की, उष्णता चोहोबाजूंनी यावी.

तेव्हा शिकावयाचे राहिले ते एकच : गव्हाची कणीक तिंबणे. तेही पोळीकरिता आपण करतोच. पावाकरिता ते अधिक वेळ करावयाचे असते, इतकाच फरक.

४. गहूच कशाला?

तांदळाचा किंवा नाचणीचा पाव का फुगत नाही, हे एका सोप्या प्रयोगाने कळते. गव्हाच्या कणकेचा लिंबाएवढा घट्ट गोळा चांगला मळून अर्धा तास ठेवावा. मग तो पाण्याच्या भांड्यात धरून हळूहळू चोळावा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. तो पिठातील सत्त्वाचा, म्हणजे स्टार्चचा, अंश होय. पाणी बदलून चोळीत राहिले असता शेवटी हातात रबरासारखा ताणला जाणारा पिवळट गोळा उरतो. त्यास ग्लूटेन म्हणतात. असाच प्रयोग तांदळाच्या पिठाचा केल्यास सर्व गोळा पाण्यात विरघळून जातो व हातात काही राहत नाही.

हे ग्लूटेन म्हणजे पावाचे घर होय. खमीर पिठात वायू उत्पन्न करते. ग्लूटेनचे पापुद्रे तो वायू फुग्याप्रमाणे धरून ठेवतात. कणीक तिंबल्याने हे पापुद्रे एकमेकांस जोडले जाऊन बळकट होतात. म्हणून आळसाने मळलेल्या कणकेचा पाव फुगत नाही. वायू निघतो, परंतु भिंती नसल्यामुळे निसटून जातो.

ह्यावरून तांदूळ किंवा नाचणी हलकी धान्ये आहेत असे कोणी समजू नये. नाचणीत हाडांस लागणारे कॅल्शियम गव्हापेक्षा कितीतरी अधिक असते. तिची भाकरी ही पूर्ण व उत्तम भाकरी आहे. फुगणे हा तिचा धर्म नाही, इतकेच. पावात नाचणी घालावयाची असल्यास पिठाच्या पाचव्या हिश्शापर्यंत घालावी. त्याहून अधिक घातल्यास पाव जड होतो. आणि काही थोड्या माणसांस गव्हातील ग्लूटेन मुळीच सोसत नाही. त्यांस डॉक्टरांनी गहू वर्ज्य सांगितला असेल, तर त्यांस हा पाव आग्रहाने देऊ नये.

५. खमीर म्हणजे काय?

खमीर हे काही औषध किंवा क्षार नाही. तो सजीव सूक्ष्म जंतूंचा समूह आहे. हॉलंडमधील लीवेनहूक ह्या गृहस्थाने १६८० साली आपल्या भिंगातून हे बारीक गोल कण प्रथम पाहिले. परंतु ते जिवंत आहेत व आंबणे हे त्यांचेच कार्य आहे, ही गोष्ट फ्रान्समधील लुई पाश्चर ह्यांनी १८५७ पासून पुढील काही वर्षांत सिद्ध करून दाखविली. दुकानात यीस्ट म्हणून जी बारीक दाणेदार वस्तू मिळते ती ह्याच जंतूंची वाळविलेली स्थिती होय. ते पिठातील साखर खातात व दोन पदार्थ उत्पन्न करतात : कार्बन डायऑक्साइड वायू व थोडे मद्यार्क.

येथे आपल्या मंडळ्यांतील काही लोक विचारतात की, मग पावात मद्य असते काय? त्यांस असे सांगावे की, हे मद्यार्क फारच थोडे असते व भट्टीच्या उष्णतेने त्याचा बहुतेक भाग उडून जातो. पावाने कोणास नशा येत नाही. आंबोळी खाताना जशी शंका येत नाही, तशी येथेही येऊ देऊ नये. माडीचे खमीर घरी आणण्याची मात्र आवश्यकता नाही. माडी काढणे व विकणे ह्यांस सरकारी निर्बंध आहेत, आणि यीस्टने किंवा पिठाच्या घरगुती खमिराने तेच काम होते.

खमीर जिवंत आहे, हे एकदा ध्यानात आले की बाकीचे सर्व नियम आपोआप कळतात. जिवंत प्राण्यास ऊब हवी, पण चटका नको. साधारण २५ ते ३५ अंश सेल्सिअस ही त्याची सुखाची स्थिती. पाणी ५५ ते ६० अंशांपर्यंत तापलेले असेल तर ते मरून जाते. थंडीत ते मरत नाही, पण सुस्त होते. मिठाने त्याचा वेग आवरला जातो. म्हणून मीठ घालावे, पण यीस्टच्या कोरड्या दाण्यांवर थेट टाकू नये.

६. साहित्य

पुढील कृती आमच्या घरात चालत आलेली आहे. पूर्वी ती वाटी व मूठ ह्यांच्या मापाने सांगितली जात असे. येथे ती वजनाने दिली आहे. एका मध्यम पावास असे साहित्य लागते :

गव्हाचे चाळलेले पीठ २५० ग्रॅम व मैदा २५० ग्रॅम. कोमट पाणी सुमारे ३२५ मिलिलिटर. कोरडे यीस्ट ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याने सपाट दीड चमचा. मीठ ९ ग्रॅम, म्हणजे तेवढाच दीड चमचा. गूळ सुपारीएवढा. तेल किंवा तूप एक मोठा चमचा.

सर्व पीठ गव्हाचेच घेतले तरी चालते. पाव थोडा जड व अधिक पौष्टिक होतो आणि पाणी दोन-तीन चमचे अधिक लागते. भाजण्याकरिता आतून तेल लावलेला अॅल्युमिनियमचा उभा डबा किंवा खोलगट भांडे असावे. ते पिठाने निम्म्याहून थोडे अधिक भरावे. फुगण्यास जागा ठेवावी.

७. कृती

पहिली पायरी : यीस्टची परीक्षा. अर्धी वाटी कोमट पाण्यात गूळ विरघळवून त्यात यीस्ट टाकावे. पाणी तान्ह्या बाळाच्या अंगास सोसेल इतकेच कोमट असावे. दहा-पंधरा मिनिटांत वर फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. फेस न आल्यास ते टाकून द्यावे. मेलेल्या यीस्टवर अर्धा किलो पीठ वाया घालवू नये.

दुसरी पायरी : भिजविणे. परातीत पीठ व मीठ एकत्र करून मध्ये खळगा करावा. त्यात फेसाळलेले पाणी व उरलेल्या पाण्यापैकी बहुतेक पाणी ओतावे. थोडे पाणी हाताशी राखून ठेवावे, कारण प्रत्येक पीठ सारखे पाणी पीत नाही. कणीक पोळीच्या कणकेहून सैल असावी. ती आरंभी हातास चिकटेल; चिकटते म्हणून पीठ घालीत बसू नये. झाकून वीस मिनिटे ठेवावी.

तिसरी पायरी : तिंबणे. आता तेल घालून दहा ते पंधरा मिनिटे मळावे. तळव्याने पुढे ढकलावे, दुमडून घ्यावे, वळवावे व पुन्हा ढकलावे. कणीक गुळगुळीत झाली, चिकटणे कमी झाले, आणि लहानसा गोळा दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणला असता तो न फाटता पातळ पडदा होऊ लागला, म्हणजे मळणे पुरे झाले. ही खूण घड्याळाहून खरी.

चौथी पायरी : पहिले फुगणे. तेल लावलेल्या टोपात गोळा ठेवून ओल्या फडक्याने झाकावा. तो दुप्पट होईपर्यंत थांबावे. मग ओले बोट गोळ्यात रोवून काढावे. खळगा तसाच राहिला किंवा अगदी सावकाश भरू लागला तर कणीक तयार आहे. तो झटकन भरून आला तर आणखी वेळ द्यावा.

पाचवी पायरी : आकार व दुसरे फुगणे. गोळा हलक्या हाताने दाबून मोठे बुडबुडे काढावेत, त्याची घट्ट वळकटी करून डब्यात ठेवावी व पुन्हा झाकावी. पीठ डब्याच्या काठाजवळ आले की भाजावयास घ्यावे. ह्या वेळी उशीर करू नये. फार फुगलेले पीठ विस्तवावर खाली बसते.

सहावी पायरी : भाजणे. विजेची भट्टी असल्यास ती २०० अंशांपर्यंत आधी तापवावी व पाव ३५ ते ४० मिनिटे भाजावा. चुलीवर करावयाचे असल्यास जाड बुडाच्या मोठ्या टोपात दोन बोटे कोरडी वाळू पसरावी, तीवर लोखंडी कडे ठेवावे आणि झाकून पंधरा मिनिटे तापवावे. मग डबा कड्यावर ठेवावा, टोपावर लोखंडी तवा पालथा न घालता सरळ झाकावा व तव्यात निखारे ठेवावेत. करवंटीचे निखारे चांगली आच देतात. खाली एक भाग व वर दोन भाग, असा विस्तवाचा नियम ठेवावा; बहुतेक पाव खालून करपतात ते ह्या नियमाकडे दुर्लक्ष केल्यामुळे. सुमारे ४५ मिनिटे लागतात. पहिली पंचवीस मिनिटे झाकण काढून पाहू नये. निखाऱ्यांचे काम उघड्यावर किंवा मोकळ्या हवेच्या स्वयंपाकघरात करावे. बंद खोलीत निखाऱ्यांपासून विषारी वायू साचतो व त्याने प्राणही जातो.

सातवी पायरी : परीक्षा व निवविणे. पाव डब्यातून काढून उलटा करावा व बुडावर बोटाने ठोकावे. रिकाम्या मडक्यासारखा आवाज आला तर पाव झाला. मंद, भरीव आवाज आला तर आणखी दहा मिनिटे भाजावा. मग जाळीवर किंवा सुपावर तासभर निवू द्यावा. मुले घाई करतील, तरी गरम पाव कापू नये. आतील वाफ अजून आपले काम करीत असते, व कापल्यास तो चिकट होतो.

८. घरचे खमीर

यीस्ट मिळाले नाही तर पाव अडत नाही. गव्हाच्या पिठावर व हवेत हे जंतू असतातच. त्यांस वाढविता येते. काचेच्या बरणीत ५० ग्रॅम गव्हाचे पीठ व ५० मिलिलिटर पाणी कालवून सैल झाकावे. दुसऱ्या दिवसापासून रोज त्यातील निम्मे काढून टाकावे व पुन्हा तेवढेच ताजे पीठ व पाणी घालावे. आमच्या उष्ण हवेत पाच ते सात दिवसांत ते ताजे पीठ घातल्यावर चार-सहा तासांत दुप्पट होऊ लागते व त्यास आंबट, पण चांगला वास येतो. मग ते तयार झाले. गुलाबी किंवा काळा रंग, बुरशी अथवा घाण वास आल्यास सर्व टाकून बरणी उकळत्या पाण्याने धुवावी.

यीस्टच्या जागी असे खमीर १५० ग्रॅम घ्यावे, आणि पीठ व पाणी दोन्ही ७५-७५ ने कमी करावे. वेळ मात्र अधिक लागतो; पहिले फुगणे चार ते सहा तासांचे असते. प्रत्येक वेळी बरणीत थोडे खमीर पुढच्या खेपेकरिता राखून ठेवावे. शेजारणीस विरजण द्यावे तसे हे खमीरही देता येते, आणि दिल्याने कमी होत नाही.

९. ऋतुमान

बाहेरगावच्या पुस्तकात ‘दोन तास फुगू द्यावे’ असे लिहिलेले असते. ते पुस्तक थंड देशाकरिता असते. येथे चैत्र-वैशाखात कणीक तासाभरात, कधी त्याच्याही आत, फुगते. पौष-माघाच्या पहाटे तिला दोन तास व अधिकही लागतात. तेव्हा टोप चुलीच्या उबेस ठेवावा. पावसाळ्यात पीठच ओलावा धरते, म्हणून पाणी दोन-तीन चमचे कमी घालावे. वर सांगितलेल्या बोटाच्या खुणेकडे पाहणारीस कोणताही ऋतू फसवीत नाही.

साठविण्याविषयीही ऋतू पाहावा. कोरड्या दिवसांत पाव फडक्यात गुंडाळून दोन-तीन दिवस राहतो. पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी बुरशी धरू शकते. बुरशीचा एक डाग दिसला तरी तेवढाच भाग कापून उरलेला खाऊ नये, कारण बुरशीचे धागे आत पसरलेले असतात. शीतपेटीत पाव लवकर शिळा व कोरडा होतो; फार दिवस ठेवावयाचा असल्यास त्याच्या कापट्या गोठविण्याच्या कप्प्यात ठेवाव्या. शिळा परंतु निर्दोष पाव तव्यावर तुपात भाजावा किंवा फोडणी देऊन खावा. अन्न टाकू नये.

विकतचा पाव घेणे हा काही दोष नाही. पुष्कळ बेकरीवाले प्रामाणिकपणे कष्ट करतात. परंतु विकतच्या पावाची पिशवी वाचून घेण्याची सवय असावी. पीठ सुधारण्यासाठी पोटॅशियम ब्रोमेट नावाचे द्रव्य पूर्वी वापरीत असत. ते अपायकारक ठरून २०१६ साली भारत सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यास बंदी केली. घरच्या पावात काय आहे, हे पिशवी न वाचताही ठाऊक असते.

१०. शास्त्रातील भाकर व खमीर

उपदेशक बंधूंस ह्या पाठाचा आणखी एक उपयोग आहे. आपल्या मराठी शास्त्रात सर्वत्र ‘भाकर’ हा शब्द आहे, आणि तो योग्यच आहे, कारण तो रोजच्या अन्नाचा शब्द आहे. तथापि त्या देशातील भाकर बहुधा गव्हाची किंवा जवाची असे, व पुष्कळदा खमीर घालून फुगविलेली असे. हे सांगितल्यावाचून ‘बेखमीर भाकर’ म्हणजे काय, हे तांदळाची भाकरी खाणाऱ्या मुलास कळत नाही; त्याची भाकरी नेहमीच बेखमीर. मिसर देशातून निघताना इस्राएल लोकांच्या हाती फुगण्यास लागणारा वेळच नव्हता, ही गोष्ट ज्याने कणीक फुगण्याची वाट पाहिली आहे त्यास चटकन कळते.

तसेच तीन मापे पिठात खमीर लपविणाऱ्या स्त्रीचा दृष्टांत घ्या. ती तीन मापे म्हणजे सुमारे ४० लिटर पीठ होते. एका घराचे नव्हे, शंभराहून अधिक माणसांचे जेवण. आणि ज्या मुलाजवळ पाच भाकरी होत्या त्या जवाच्या, म्हणजे तेथील गरिबांच्या, आमच्या नाचणीसारख्या. बेथलेहेम ह्या नावाचाच अर्थ भाकरीचे घर असा आहे. शास्त्रात खमीर कधी चांगल्या गोष्टीची व कधी वाईट गोष्टीची उपमा म्हणून येते. कारण दोन्ही गुपचूप व सर्वभर पसरतात. ज्या वर्गात परात, पीठ व खमीर प्रत्यक्ष मांडले जाईल, त्या वर्गास हे पुष्कळ बोलण्यावाचून समजेल.

११. शिकविणाऱ्यांस सूचना

हा पाठ एका बैठकीत उरकू नये. पहिल्या दिवशी पीठ धुण्याचा प्रयोग करून दाखवावा. दुसऱ्या दिवशी दोन गोळे करावेत, एकात यीस्ट घालून व एकात न घालता, आणि दोन्ही शेजारी ठेवून मुलांकडून तासाभराने पाहून घ्यावे. तिसऱ्या दिवशी पाव भाजावा व सर्वांनी वाटून खावा. सभेतील वडील बाईंस ‘आजी, तुमच्या आंबोळीचे पीठ थंडीत तुम्ही कोठे ठेवता?’ असे मुलींनी विचारावे, व त्या सांगतील ते वहीत लिहून घ्यावे. अशी विद्या पुस्तकात नसते; ती विचारली तरच मिळते, आणि विचारणारे उशिरा आले तर मिळत नाही. वहीत कृती लिहिताना मापाबरोबर खूणही लिहावी : बोटाचा खळगा, ताणलेला पडदा, बुडाचा आवाज. मापे भांड्याबरोबर बदलतात. खुणा बदलत नाहीत.

प्रश्न

१. ‘पाव’ हा शब्द कोणत्या भाषेतून आला? पायाने मळण्याशी त्याचा संबंध आहे काय?
२. परमहंस सभेत येणाऱ्याची परीक्षा पावाने का घेत असत?
३. आंबोळी व धोंडस ह्यांतून पावाच्या कोणत्या दोन कामांची ओळख होते?
४. तांदळाचे पीठ मळूनही पाव का फुगत नाही? प्रयोग करून दाखवा.
५. फार गरम पाणी घातल्यास खमिराचे काय होते, व का?
६. कणीक पुरती फुगली हे घड्याळाशिवाय कसे ओळखाल?
७. तुमच्या घरातील कोणती कृती अद्याप कोणी लिहून ठेवलेली नाही? ती ह्या आठवड्यात वडील माणसांस विचारून लिहा व पुढील सभेत वाचून दाखवा.